टेबल मार्गस्थ करण्यास योग्य नाही

आमच्या घरमालकांनी आयुष्यात एकही वस्तू तिच्यावर बसून बघितल्याशिवाय विकत घेतलेली नाही. खुर्चीवर, कॉटवर कुणीही बसून बघतं, पण मालक वॉशिंग मशीनवरही बसले होते असं काकू सांगतात. दुकानदार बिचारा म्हणाला की काका, हे कपडे धुवायचं यंत्र आहे. त्यावर मालकांनी त्याला ते चालू करायला लावलं आणि वर बसल्या बसल्या डोळे मिटून त्याचा हादरा अंगात घेतला. मग म्हणाले, इंजिन चांगलं हाय, द्या. एकतीस वर्षं लाल गाडी चालवलेल्या माणसाला जगातली प्रत्येक गोष्ट ही एकतर गाडी असते, नाहीतर गाडीचा सुटा भाग असतो. मी त्यांच्या माडीवर सहा वर्षं भाड्याने राहतो, आणि त्यांच्या हिशेबी मी टपावरचं सामान आहे.

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या बोळात मालकांना सगळे 'डायव्हर' म्हणतात. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, मनगटावर जाडसर घड्याळ, आणि चालणं कायम डाव्या कडेने. बोळ एवढा अरुंद की दोन सायकली समोरासमोर आल्या तर एकीला कुणाच्या तरी ओट्यावर चढावं लागतं, पण मालक घरात वळण्याआधी उजवा हात बाहेर काढून दाखवतात. मागे कुणी नसलं तरी. जेवायला बसतात ते दहा मिनिटांसाठी, कारण थांबा दहा मिनिटांचा असतो. अकराव्या मिनिटाला काकूंनी भाकरी वाढायला घेतली तर ताट सोडून उठलेले असतात. खुर्ची मागे सरकवायची झाली की आधी मान वळवून बघतात आणि काकूंनी स्वयंपाकघरातून "येऊ द्या, येऊ द्या" म्हटल्याशिवाय खुर्ची तसूभर हलत नाही. काकू हे इतकी वर्षं म्हणत आल्या आहेत की आता फोडणी देता देता, तिकडे न बघताच म्हणतात. एकदा त्यांच्या तसं न बघता म्हणण्यामुळे मालक थेट पाण्याच्या पिंपावर गेले. तेव्हा नवरा-बायकोत जे कानडीत झालं ते मला कळलं नाही, पण शेवटी काकू "साकू, साकू" म्हणत होत्या, म्हणजे पुरे, आणि मालक ओल्या लेंग्याने पिंपाला पोचा आलाय का ते बघत होते.

सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे मालक बोलताना माणसाकडे बघत नाहीत. समोर बघतात. तुम्ही समोर असाल तर तुमच्या पलीकडे बघतात. ड्रायव्हरने नजर रस्त्यावरून काढायची नसते, हे त्यांच्या हाडात गेलंय. सुरुवातीला मला वाटायचं, माझ्यावर रागावलेत. मी मूळचा भित्रा. भाडं वेळेवर दिलेलं असलं तरी जिना चढताना पाय हलके टाकायचो. पुढे कळलं की ते काकूंशीही असंच बोलतात, आणि काकूंनी त्यावर तोड म्हणून भिंतीला एक आरसा टांगलाय. मालक त्या आरशात बघून बोलतात. लग्नाला चाळीस वर्षं झाली, नवऱ्याचा चेहरा मी आरशातच बघितला, असं त्या म्हणतात.

आता अशा माणसाबद्दल मी तक्रारीच्या सुरात का लिहितो, ते सांगायला हवं. मी भंडारा जिल्ह्यातला. आठवीत शाळा सोडली आणि एका ठेकेदाराबरोबर सुतारकामाला म्हणून निघालो. त्याने आठदहा वर्षं गावोगाव फिरवलं आणि एका सकाळी सोलापूरच्या स्टँडवर उतरवून 'आलोच' म्हणून जो गेला तो गेला. मी पिशवी मांडीवर घेऊन तीन तास एकाच बाकावर बसलो होतो. मालक तेव्हा नोकरीत होते, पण गाडीवर नव्हते; फाटकापाशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या वेळा लिहीत. तिथून उठून माझ्यापाशी आले, माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत म्हणाले, "कुटं जायचं?"

मी म्हटलं, "कुठंच नाही जी."

"मग मुक्कामीच की," म्हणाले, आणि ड्यूटी संपल्यावर घरी घेऊन आले. ज्या गाडीला परत फिरायचं नसतं, शेवटच्या गावी रात्र काढायची असते, ती मुक्कामी गाडी. तेव्हापासून मी कुठेही निघालो, अगदी कोपऱ्यावर खिळे आणायला, तरी मालक ओट्यावरून विचारतात, "मुक्कामी का जाऊन-येऊन?" आणि मी रोज सांगतो, जाऊन-येऊन.

तर अशा माणसाच्या उपकाराखाली राहून मला त्यांचं टेबल करायची वेळ आली, आणि त्या टेबलाने माझं जे केलं ते ठेकेदारानेही केलं नव्हतं.

झालं असं की निवृत्त झाल्यावर मालकांना काही काम उरलं नाही. मग ते बोळाच्या तोंडाशी उभं राहून रिक्षावाल्यांना मागे घ्यायला मदत करू लागले. रिक्षावाल्यांना मागे जायचं नसलं तरी. भांडणं होऊ लागली. शेवटी पुण्याच्या मुलीने जावयाचा जुना कॉम्प्युटर पाठवला, बरोबर टेबलाला आवळून बसवायचं एक स्टेअरिंग, पायाखाली ठेवायचे दोन पेडल, आणि कॉम्प्युटरमध्ये बस चालवायचा खेळ. पोरं खेळतात तसाच, पण ह्यात मारामारी नाही. रस्ता, थांबे, प्रवासी, सगळं हुबेहूब. मालकांनी खोकं उघडलं, स्टेअरिंग हातात घेतलं, दोन्ही बाजूंनी वास घेतला आणि खाली ठेवून दिलं. म्हणाले, आदी बैठक पायजे. आणि तिथून आमची टेबलाची शोधाशोध सुरू झाली.

नव्या पेठेत आणि तिच्या आजूबाजूला जेवढी म्हणून फर्निचरची दुकानं आहेत तेवढ्या सगळ्यांत मी मालकांबरोबर गेलो आणि तेवढ्या सगळ्यांत मान खाली घालून उभा राहिलो. मालक टेबलासमोर बसत, डोळे मिटत, दोन्ही हात हवेत धरत आणि निघत. नुसतं बसून उठणं नाही, पूर्ण फेरी. डावा पाय दाबून पहिला गिअर, मग दुसरा, मग वळण आलं की हवेतलं चाक हातावर हात टाकून पूर्ण फिरवायचं. एका दुकानात त्यांनी तुळजापूरचा सगळा घाट चढून उतरवला. मागे एक नवं जोडपं ड्रेसिंग टेबल बघायला थांबलं होतं, त्यांचाही पाय निघेना. दुकानदाराने शेवटी हळूच विचारलं, "काका, पोचलात का?" मालकांनी डोळे उघडले आणि सांगितलं की घाटात कोपर टेबलाला लागतंय, ही गाडी चालणार नाही. एका ठिकाणी गेम खेळणाऱ्यांसाठी म्हणून खास खुर्ची होती, लाल-काळी, मानेला उशी, कमरेला उशी, मागे रेलली की पलंगच. मालक तिच्यात रेलले आणि ताडकन उठले. ह्यात ड्रायव्हर झोपंल, म्हणाले. शिवाय तिला खाली चाकं. खुर्चीला चाकं असली तर गाडीला कशाला, असं त्यांनी त्या पोरसवदा विक्रेत्याला विचारलं.

शेवटी ते ओट्यावर बसून समोरच्या भिंतीला म्हणाले, "तूच कर की बे."

आता मी ज्या मिस्त्रींच्या हाताखाली काम करतो ते मोठे कारागीर, पण जिभेवर खडीसाखर नाही. मी त्यांच्याकडे सहा वर्षं रंधा मारला, कडा घासल्या, दुसऱ्याने आखलेल्या रेघेवर करवत चालवली. पण एक वस्तू अशी नाही की जी पहिल्या रेघेपासून शेवटच्या पॉलिशपर्यंत माझी. मिस्त्रींना भीतभीत सांगितलं तर म्हणाले, कर. एकट्याने कर. गिऱ्हाइकाने पास केलं की ये मला दाखवायला, पुढचं काम तुझ्या नावाने घेऊ. एवढंच बोलले, पण मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. कारण एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. गावी आईला मी फोनवर तीन वर्षांपूर्वीच सांगून ठेवलं होतं की मी मिस्त्री झालो. तिने ते सगळ्या गावाला सांगितलं. तेव्हापासून मी गावी गेलोच नाही. पाऊल ठेवलं असतं तर पहिल्याच दिवशी कुणीतरी दाराची चौकट दाखवून 'मिस्त्री, जरा बघा' म्हटलं असतं. ती चौकट कदाचित मला जमलीही असती, पण 'मिस्त्री' म्हटल्यावर मान वर करता आली नसती. हे टेबल पास झालं की मला गावी जाता येणार होतं. एवढं साधं होतं ते.

टेबल मी जीव लावून केलं. रोज कामावरून आलो की अंगणात दोन तास. जाड प्लाय, आणि पुढची कड भक्कम दिसावी म्हणून तिथे प्लायची आणखी एक पट्टी खालून जोडून दुप्पट जाडी. सुतार माणूस टेबल बघतो तो आधी कडेनेच बघतो. कड भरली की टेबलाला वजन येतं, अब्रू येते. वर शिसवी रंगाचं सनमायका, खाली सुरेख ड्रॉवर. तयार झालं तसं बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवलं. मालक आले. हातात पाना. टेबलाच्या चारी पायांवर त्यांनी एकेक करून पाना वाजवला, कान लावून आवाज ऐकला, जसे गाडी बाहेर काढण्याआधी टायर ठोकतात. मग स्टेअरिंग आणलं आणि कडेला आवळायला गेले. त्याचा शिकंजा उघडतो दीड इंच, आणि माझी अब्रू होती दोन इंचांची.

मला वाटलं आता ओरडतील. पण मालकांनी खिशातून एक वही काढली. ही त्यांची डेपोतली सवय. तिथे ड्रायव्हर गाडी ताब्यात घेण्याआधी तपासतो, दोष असला तर वहीत लिहितो, आणि सही करून गाडी वर्कशॉपला परत देतो. दोष निघेपर्यंत गाडी फाटकाबाहेर जात नाही. त्यांनी पेन्सिल ओली करून सावकाश लिहिलं: 'स्टेअरिंग बसविण्यास जागा ठेवलेली नाही. टेबल मार्गस्थ करण्यास योग्य नाही.' खाली सही. पान फाडून मला दिलं. म्हणाले, "गाडी चांगली हाय बे. खाली अंगणात घे."

असं ते टेबल बाहेरच्या खोलीतून अंगणात आणि अंगणातून बाहेरच्या खोलीत किती वेळा गेलं ते मी मोजलं नाही, पण उंबऱ्याची कड झिजली. दुसऱ्यांदा 'पुढील डावा पाय वेगळा वाजतो.' वाजत होता खरा. तिसऱ्यांदा ड्रॉवर, ड्रायव्हरच्या मांडीवर कपाट ठेवून गाडी कशी चालवायची, असं त्यांनी आरशाला विचारलं. मी माझा सुरेख ड्रॉवर काढला, तो आता काकूंकडे लसूण ठेवायला आहे. चौथ्यांदा उंची दोन बोटं जास्त. पाचव्यांदा पेडलचा प्रश्न आला. पेडल दोनच होते, ब्रेक आणि अ‍ॅक्सिलेटर. क्लच कुठाय, मालक विचारायला लागले. मी सांगितलं की या खेळात क्लच लागत नाही. ते म्हणाले की खेळाला लागत नसंल, माझ्या पायाला लागतोय. आणि खरोखर त्यांचा डावा पाय रिकाम्या जागी खाली-वर होत होता. मग मी सागाचा एक तुकडा घेतला, खाली स्प्रिंग लावली आणि फळीवर ठोकला. कशालाही न जोडलेला लाकडी क्लच. तो दाबून मालकांनी जो नि:श्वास सोडला तो काकूंना आत ऐकू गेला.

कॉम्प्युटरचा डबा मी शहाणपणा करून उजवीकडे दूर ठेवला होता, तर सहाव्यांदा तो डाव्या गुडघ्याजवळ आणायला लावला. त्यांच्या जुन्या गाड्यांत इंजिन ड्रायव्हरच्या शेजारीच असे आणि त्याची ऊब एकतीस वर्षं डाव्या गुडघ्याला लागलेली. गाडी चालू हाय ते गुडघ्याला कळाय पायजे, म्हणाले. मग पडद्याच्या वर सिद्धेश्वराचा फोटो. पडद्याच्या खाली लिंबू-मिरची. बाजूला भोपू. मागचे प्रवासी दिसायला आरसा, तो भिंतीवरचाच आणला. आणि छतातून एक दोरी, तिच्या टोकाला घंटा. घंटेसाठी काकूंनी देवघरातली द्यायला साफ नकार दिला, तेव्हा मालक जनावरांच्या बाजारातून एका धनगराकडून मेंढीच्या गळ्यातली घेऊन आले. दोन टोल पडले की गाडी निघते, एक पडला की थांबते. कंडक्टरने डबल दिल्याशिवाय मालक जन्मात निघालेले नाहीत.

हे सगळं झालं आणि सातव्यांदा वही निघाली. 'टेबलास कंप नाही. गाडी मेल्यासारखी वाटते.'

ज्या टेबलाचा कंप घालवायला मी आठ दिवस चारी पायांना आडव्या पट्ट्या मारल्या, त्याला आता कंप पाहिजे होता. मी एक पट्टी काढली. आठव्यांदा लिहिलं, 'सकाळी उजव्या बाजूने ऊन येते.' मी खिडकीला पडदा लावला. नवव्यांदा, 'टेबलाचा रंग रात्रीच्या गाडीचा आहे.'

एका हातात तो कागद आणि दुसऱ्या हातात पटाशी घेऊन मी उभा होतो. मी त्या घरात कधी आवाज चढवला नव्हता. पण त्या दिवशी माझ्या तोंडातून गेलं, "मालक, टेबलात दोष नाही. तुम्हालाच गाडी काढायची नाही. काढायची नाही तर तसं लिहा ना बे."

'बे' सोलापुरातही म्हणतात आणि आमच्या भंडाऱ्यातही म्हणतात. इथे आल्यावर पहिल्यांदा तो शब्द ऐकला तेव्हा मला घर सापडल्यासारखं झालं होतं. पण तो मोठ्या माणसाला म्हणायचा नसतो, हे दोन्हीकडे सारखंच आहे. मालकांनी माझ्याकडे बघितलं. आरशात नाही, सरळ. सहा वर्षांत पहिल्यांदा. मग पाना ठेवला आणि उजवा हात न दाखवताच बाहेर वळून निघून गेले.

मी माडीवर जाऊन पिशवी खाली काढली. आता खोली गेली, टेबल गेलं, मिस्त्रींकडचं कामही गेलं, असं धरूनच चाललो होतो. काकू वर आल्या. त्या कधी जिना चढत नाहीत, गुडघे दुखतात. पिशवीकडे बघून म्हणाल्या की ती ठेव आधी वर. मग दम खात त्यांनी मला सांगितलं.

ड्रायव्हरची शेवटची फेरी म्हणजे डेपोत सण असतो. गाडीला झेंडूचे हार, नारळ, बरोबरीची माणसं स्टँडवर उभी, आणि घरची माणसं गाडीत. काकू एकतीस वर्षांत एकदाही मालकांच्या गाडीत बसल्या नव्हत्या. ड्यूटीवर बायको नको, लक्ष मागे जातंय, असं मालकांचं म्हणणं. शेवटच्या फेरीला बस, पहिल्या सीटवर, असं ते दरवर्षी सांगायचे. काकूंनी त्यासाठी एक इरकल साडी घेऊन ठेवली होती. निवृत्तीला दोन वर्षं असताना नेहमीची डोळ्यांची तपासणी झाली. डॉक्टरांनी बोर्डावरची अक्षरं वाचायला सांगितली, ह्यांना खालच्या दोन ओळी दिसल्या नाहीत. सोमवारी अक्कलकोटची गाडी घेऊन आले होते, मंगळवारी तपासणी झाली, बुधवारी फाटकावर वही. त्या सोमवारी ती शेवटची फेरी आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. हार नाही, नारळ नाही, काही नाही.

"साडी हाय अजून," काकू म्हणाल्या. "घडी मोडली न्हाई. आता भ्यालेत रे ते. हितं बी दिसलं न्हाई तर काय, म्हणून."

मी पिशवी वर ठेवली. रागही आला होता, तो गेला नव्हता. माणसाने नऊ वेळा टेबल उचलायला लावण्याआधी एवढं एक वाक्य बोलायला काय हरकत होती. पण मीही आईला तीन वर्षं एक वाक्य सांगितलं नव्हतं, हे तिथेच माझ्या ध्यानात आलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी मी खाली आलो तर मालक खाकी कपडे घालून अंगणात उभे. शर्टाची बटणं पोटावर ताणलेली, बिल्ला पुसून लावलेला. आत खोलीत टेबलाला झेंडूचा हार. काकू इरकल साडी नेसून टेबलामागच्या पहिल्या खुर्चीवर मांडीवर पिशवी घेऊन बसलेल्या, जसं काही तासाभराचा प्रवास आहे. मालकांनी आत येऊन चारी पायांवर पाना वाजवला. वही काढली. त्यांनी लिहिलं, सही केली, पान फाडलं, आणि माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत माझ्या हातात दिलं: 'दोष नाही. टेबल मार्गस्थ.'

नारळ उंबऱ्यावर फुटला. मालक बसले, स्टेअरिंगला हात लावून कपाळाला लावला. आरशात काकूंकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मी दोरी ओढली, दोन टोल. त्यांनी लाकडी क्लच दाबला आणि आमची गाडी निघाली.

ती गाडी मिनिटभर चालली. मुलीने जो खेळ घालून दिला होता त्यातला रस्ता परदेशातला, आणि तिथली माणसं उजवीकडून गाड्या चालवतात हे आम्हा तिघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. मालक डाव्या बाजूने निघाले. अख्खा परदेश समोरून अंगावर येत होता आणि मालक भोपू वाजवत, लाईट मारत, एकालाही बाजू न देता चालले होते. म्हणत होते, "काय माणसं हायत, सगळीच्या सगळी राँग साईडनं येऊलालेत." मग एक भला मोठा ट्रक आला आणि पडदा थांबला.

एकतीस वर्षांत एक ओरखडा नाही, असं ते सगळ्यांना सांगत आले होते. मी दोरी तशीच धरून उभा होतो. मालकांनी हँडब्रेक ओढला, म्हणजे जिथे तो असतो तिथे हाताने ओढला, आणि मागे न बघता विचारलं की कुणाला लागलं का. काकूंनी पिशवी सावरून सांगितलं, न्हाई. मग म्हणाले, "ट्रक दिसला मला. लांबून दिसला. नंबरसकट." आणि खिशातून वही काढून पंचनामा लिहायला बसले. त्यात त्यांनी शेवटी ठळक लिहिलं की वाहनात दोष नव्हता. ते मला उद्देशून होतं, असं मी समजतो.

मुलीने फोनवरून काय काय दाबायला सांगितलं आणि आम्हाला डाव्या बाजूने चालणारा एक देश मिळाला. दोन्ही कागद मी मिस्त्रींना नेऊन दाखवले. मार्गस्थचा त्यांनी दोनदा वाचला, पंचनामा वाचून इतके हसले की खाली बसले. पुढच्या आठवड्यात एका घरच्या स्वयंपाकघराची कपाटं त्यांनी माझ्या नावाने घेतली. मग मी आईला फोन केला आणि आधीचं खोटं आणि आताचं खरं, दोन्ही एकदम सांगितलं. ती म्हणाली, आपली चौकट अजून तशीच वाकडी आहे, ये.

आता रोज संध्याकाळी चहा झाला की गाडी निघते. पडद्यावर हिरवीगार कुरणं, दगडी पूल आणि पाटीवर भलतीच नावं असतात, पण मालक ती वाचत नाहीत. त्यांनी मला माझ्या गावापर्यंतचे सगळे थांबे विचारून वहीत उतरवून घेतलेत. रोज एक टप्पा. तुळजापूर झालं, औसा झालं, लातूरला काकू म्हणाल्या गर्दी लई हाय. अहमदपूर, नांदेड, उमरखेड. यवतमाळला पाऊस लागला, खेळातला, तेव्हा मालकांनी पडद्यावरून खरं फडकं फिरवलं. चाळीसच्या वर ते जात नाहीत. खेळ सारखा सांगत राहतो की उशीर झाला, प्रवासी नाराज आहेत. मालक आरशात बघतात. मागे काकू वाटाणे सोलत असतात, मुळीच नाराज नसतात.

काल भंडारा गेलं. पुढे लाखनी, आणि तिथून आतल्या रस्त्याला माझा फाटा. परवा मी खरोखरच गावी निघणार आहे. पिशवी भरून झाली आहे, सगळ्यात वर मार्गस्थचा कागद ठेवलाय. कपाटांचं काम मोठं आहे, ते झालं की आणखी एक आहे, आणि मिस्त्री म्हणत होते की आता स्वतःची जागा बघ, माडीवर किती दिवस काढणार. हे जागेचं मी खाली कुणाला सांगितलेलं नाही. पण घरात कुणी काही बोललं नाही तरी ड्रायव्हरला मागचं सगळं दिसत असतं.

आज फाट्यापाशी मी एक टोल दिला. गाडी बाजूला घेतली त्यांनी, अगदी हळू, प्रवाशाचा पाय चिखलात पडू नये अशी. पडद्यावर एक पिवळं शेत होतं आणि लांब एक घर. कॉम्प्युटरचा डबा गुडघ्यापाशी घरघरत होता. मालक समोरच बघत होते. मग आरशात माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "मुक्कामी का जाऊन-येऊन?"

रोज मी न विचार करता उत्तर देतो. आज दोरी हातातच राहिली. काकूंचं वाटाणे सोलणं थांबलं. त्या टेबलाची पुढची कड, मी तासून तासून दीड इंचाला आणलेली, मालकांच्या तळहाताखाली होती आणि ते ती अंगठ्याने घासत होते.

"जाऊन-येऊन जी," मी म्हटलं.

मालकांनी मान हलवली, लाकडी क्लच दाबला आणि पुन्हा समोर बघू लागले. "मग डबल दे की," म्हणाले. "उशीर होऊलालाय."